पोरीच्या दप्तरातील कादंबरी

गेल्या साली कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवेलागणीला, आमच्या ओट्यावर एक शेतकरी गृहस्थ येऊन बसले. आमचे गाव बोरीकाठचे, जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळचे. गृहस्थ थोड्या कोरडवाहू बिघ्यांचे धनी, सरळ व कष्टाळू. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली एक वस्तू होती. घरात साप निघावा आणि तो मारून लोकांना दाखवावा, तसा त्यांनी रुमाल उलगडला. आत एक कादंबरी होती. वेष्टनावर एक तरुण, एक तरुणी आणि मागे डोंगर.

“गुरुजी, पोरीच्या दप्तरात हे निघाले,” ते म्हणाले. “आता शाळा बंद. शिरपूरकडचे स्थळ सांगून आलेच आहे, उरकून टाकतो.”

मुलगी आमच्याच शाळेतून आठवी होऊन तालुक्याच्या हायस्कुलात नववीत गेलेली. मुलींना मिळणाऱ्या फुकट पासावर रोज एस.टी.ने जाणारी. वय पंधरा. मुलीचे लग्न अठराच्या आत करणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आम्ही त्यांस सांगितले. ते त्यांस ठाऊक होते. ठाऊक असूनही गावोगाव काय चालते ते वाचकांसही ठाऊक आहे. म्हणून आम्ही कायद्याचे बोलणे थोडे बाजूस ठेवून विचारले, “आपण हे पुस्तक वाचले का?” ते म्हणाले, “वाचायचे काय त्यात? चित्रावरूनच कळते.”

हे उत्तर ऐकून आम्ही त्यांच्यावर रागावणार होतो. पण रागावण्याचा हक्क आम्ही पूर्वीच गमावून बसलो आहोत. ती हकीकत आधी सांगितली पाहिजे.

वीसेक वर्षांमागे आम्ही अध्यापक विद्यालयातून नुकतेच बाहेर पडून नोकरीस लागलो होतो. सातवीच्या वर्गात एक मुलगा भूगोलाच्या पुस्तकाआड रहस्यकथा वाचताना सापडला. आम्ही ती सर्व वर्गादेखत फाडली, आणि मोठे कर्तव्य केले अशा ऐटीत खुर्चीवर बसलो. तो मुलगा पुढे दहावीपर्यंतही पोचला नाही. आज तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर मजुरीने आहे. मध्यंतरी बाजारात भेटला, नमस्कार केला आणि हसत म्हणाला, “गुरुजी, त्या पुस्तकातला खुनी कोण होता हो? माझे ते राहूनच गेले.” आम्हांस सांगता येईना. आम्हीही ते पुस्तक न वाचताच फाडले होते. त्या पुस्तकानंतर त्याने दुसरे पुस्तक हाती धरले नाही, हेही त्यानेच सांगितले.

तेव्हा आम्ही त्या गृहस्थांस म्हणालो, “पंधरा दिवस थांबा. हे पुस्तक आपल्याच घरी, आपल्यादेखत मोठ्याने वाचू. वाईट निघाले तर आम्ही स्वतः तसे सांगू.” ते बरेच कुरकुरले, पण शब्द पाळणारे गृहस्थ. त्याप्रमाणे पाच रात्री वाचन झाले. मुलगी वाची, बाप, आई, आजी व आम्ही ऐकत असू.

कादंबरीचे नाव देण्याचे कारण नाही. अशा पुष्कळ निघतात, आणि हल्ली मोबाइलवर रोज एकेक प्रकरण याप्रमाणेही वाचावयास मिळतात. श्रीमंत घरची नायिका, मोटारीतून हिंडणारा नायक, पहिल्या भेटीत भांडण, मग गैरसमज, मग आणखी गैरसमज, आणि शेवटी लग्न. तिसऱ्या रात्री मुलीची आई, जिला अक्षरओळख नाही, भाकरी थापता थापता मध्येच बोलली, “या पुस्तकमा हाई बाई भाकर कवय टाकस?” म्हणजे, या पुस्तकातली बाई भाकरी केव्हा करते? आम्ही हसलो. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, “माय, ती भाकर टाकत नही, म्हनीसन तं मी वाचस.” ती करीत नाही, म्हणूनच तर मी वाचते.

कादंबरीविषयी मोठमोठ्यांनी लिहिले आहे. ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर एक निबंध लिहिला. पुढेही विद्वानांनी पुष्कळ शाई खर्चिली. पण त्या चुलीपुढे मायलेकींनी दोन वाक्यांत जो वाद घातला, त्याने आमचे डोळे उघडले. आईचे मागणे असे की पुस्तकात आमचे घर दिसावे. मुलीचे मागणे असे की पुस्तकाने मला घडीभर या घराबाहेर न्यावे. दोघींचेही मागणे रास्त आहे. आजच्या प्रेमकथा, रहस्यकथा व उमलत्या मुलांच्या कादंबऱ्या यांविषयी आमचे जे मत आहे ते याच दोन मागण्यांवर उभे आहे.

प्रथम प्रेमकथेचे पाहू. प्रेमकथा मराठीत काल आलेली नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. त्यानंतर तशाच अद्भुत, शृंगारिक कादंबऱ्यांचा पूर आला. त्या पुस्तकांवर रोखठोक अभिप्राय कोणी दिला? आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. त्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, आणि पुरुषांच्या ढोंगाची झडती घेता घेता ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा पुस्तकांतून स्त्रियांची जी चित्रे काढली जातात त्यांचाही समाचार घेतला. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, तेव्हा जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. बंधूंनो, ज्या मुलखातील एक मराठा घरची बाई दीडशे वर्षांच्या आसपास मागे कादंबऱ्या वाचून त्यांचा निवाडा करीत होती, त्या मुलखात आज आपण पोरीच्या हातातले पुस्तक रुमालात गुंडाळून लपवावे, ही पुढे गेल्याची खूण की मागे गेल्याची?

कोणी म्हणेल, पुस्तके अश्लील असतात. असतीलही. पण अश्लील कोणते हे वेष्टन पाहून ठरत नाही. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ सालच्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर खटला झाला. पहिल्या कोर्टाने लेखकास निर्दोष सोडले, हायकोर्टाने दोषी धरून दंड केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील नाही असा निकाल दिला. मोठमोठे न्यायाधीश ज्या गोष्टीवर एकमत होईनात, तिचा निकाल एका संध्याकाळी ओट्यावर बसून, न वाचता, कसा लागावा? आणि तोही पोरीच्या जन्माचा निकाल!

याचा अर्थ प्रेमकथेस आम्ही सरसकट शाबासकी देतो असा मात्र नाही. त्या कादंबरीत आम्हांस मोठा दोष दिसला, आणि तो शृंगाराचा नव्हता. नायिका नायकाला स्पष्ट “नाही” म्हणते. तरी तो तिच्या वाटेवर उभा राहतो, मागे मागे फिरतो, फोन करतो. शंभर पाने असे झाल्यावर लेखिका म्हणते की हेच खरे प्रेम. चौथ्या रात्री हा मजकूर चालला असता मुलीचा बाप एकदम बोलला, “हा पोरगा आपल्या गावचा असता तर चावडीवर उभा केला असता.” तेव्हा मुलगी वाचावयाची थांबली. खाली पाहून म्हणाली, “एस.टी.त असा एक आहे. आम्हां तिघीजणींच्या मागे असतो. पुस्तकात त्याला हिरो म्हणतात, म्हणून मला कळेना की आमचेच चुकते की काय.”

घरात कोणी बोलेना. आमच्या मनात धाकधूक झाली की आता शाळा खरोखरच बंद होणार. पण दुसऱ्या दिवसापासून बाप सकाळी मुलीबरोबर थांब्यावर जाऊ लागला. पंधरा दिवस गेला. त्या मुलाच्या वडिलांस जाऊन भेटला. पुढे त्या पोराचा उपद्रव थांबला. वर्षभर जी गोष्ट मुलगी घरात सांगू शकली नव्हती, ती एका हलक्या समजल्या जाणाऱ्या कादंबरीने चौघांत बोलविली. पुस्तक लपवून वाचले असते तर त्यातले विष तिच्या डोक्यात राहिले असते. उघड वाचले म्हणून ते विष बाहेर आले. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की प्रेमकथा मुलीच्या हातून हिसकावू नये, तिच्याशेजारी बसून ऐकावी. आणि लेखकांस आमचे सांगणे असे की, जी नायिका नाही म्हणते तिचे नाही हे नाहीच धरा. आमच्या पोरी तुमची पुस्तके वाचून त्याच एस.टी.त बसतात.

आता रहस्यकथा. ज्या पुस्तकाचे आम्ही तुकडे केले, त्या कुळीचा मूळ पुरुष म्हणजे बाबूराव अर्नाळकर. १९३६ पासून पुढे पन्नासेक वर्षांत त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही त्यांची पात्रे आजोबांच्या पिढीस तोंडपाठ असत. पुढे गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनीही हजाराच्या वर लिहिल्या. सुहास शिरवळकरांनी आधी रहस्यकथा लिहून हात बसविला आणि १९८२ साली ‘दुनियादारी’ दिली. २०१३ साली तिच्यावर चित्रपट निघाल्यावर आमच्या तालुक्यातील कॉलेजची मुले ते पुस्तक मागू लागली. पंडितांनी या लेखकांस साहित्याच्या ओसरीवरही बसू दिले नाही. परंतु गिरणीकामगार, शिंपी, न्हावी, एस.टी.चे कंडक्टर यांच्या हातात पुस्तक दिले कोणी? अक्षर शिकविले शाळेने. वाचण्याची चटक लाविली ती पुष्कळ अंशी यांनी.

शिवाय चांगली रहस्यकथा एक गोष्ट शिकविते, जी आमच्या समाजाला फार हवी आहे. ती म्हणजे पुरावा मागणे. गावात गाय मेली की करणी म्हणावे, चोरी झाली की भगताकडे जावे, ही आपली जुनी खोड. रहस्यकथेतला गुप्तहेर भगताकडे जात नाही. तो विचारतो, दार आतून बंद होते का, पायांचे ठसे कोठे आहेत, कोणाचे हित होते. सातवीच्या पोराने असे दहा प्रश्न विचारावयास शिकणे हे भूगोलाच्या एका धड्याहून कमी मोलाचे नाही. आम्ही ते न ओळखता पुस्तक फाडले, याचा पस्तावा आम्हांस आहे.

पण येथेही एक कसोटी लावावी. चोर कोण हे त्याच्या जातीवरून किंवा काळ्या रंगावरून ठरते काय, ते पाहावे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. लोकांच्या मनातून अजून झालेला नाही. आमच्या वर्गात भिल्लांची मुले बसतात, पारध्यांची बसतात. ज्या रहस्यकथेत संशयितास पकडण्यास त्याची वस्ती पुरते, ती कथा त्या मुलांच्या तोंडावर मारलेली चपराक आहे. शिवाय ती कथा म्हणूनही आळशी आहे, कारण तिच्यात पुरावाच लागत नाही.

तिसरा प्रकार उमलत्या मुलांच्या कादंबऱ्यांचा, म्हणजे बारा ते अठरा वयाच्या. आमच्या मते सर्वांत मोठा दुष्काळ येथे आहे. लहान मुलांस चित्रांची पुस्तके मिळतात, मोठ्यांस सर्व काही मिळते. मधल्या वयाचे फळीवर फारसे काही नाही. मग मूल एकदम प्रेमकथेवर उडी मारते, किंवा मोबाइलमध्ये बुडते. जे आहे ते मात्र मोलाचे आहे. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ घरोघर आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, म्हणजे खेड्यातलाच पोर. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या मुलांच्या कादंबरीस २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नाव उच्चारताच आमच्या वर्गातील मुलांचे कान टवकारले. इंग्रजीतला हॅरी पॉटर मराठीत येऊन बरीच वर्षे झाली. तोही आम्ही मुलांस वाचून दाखविला. जादूची शाळा त्यांस आवडली. पण एका मुलाने विचारले, “तिथे दुपारचा भात देतात का?” आईने चुलीपुढे विचारले होते तेच त्याने निराळ्या शब्दांत विचारले.

आपले घर पुस्तकात येणे अशक्य आहे काय? मुळीच नाही. १८८५ साली पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तिचे बोलावणे जोतीरावांस आले. ते गेले नाहीत. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या शूद्रादी लोकांची दुःखे नाहीत त्यांच्यात मिसळून काय लाभ, असा त्यांचा रोख होता. पण नुसते रुसून भागत नसते. कृष्णराव भालेकरांनी ‘बळीबा पाटील’ ही शेतकऱ्याच्या हालांची कादंबरी लिहिली, ती १८८८ साली ‘दीनबंधू’ पत्रातून आली. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘होळीची पोळी’ लिहिली. यावल तालुक्यातील सांगवीच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ साली ‘कोसला’ लिहिली. तिच्यातला खानदेशी पोर शिकावयास पुण्यास जातो आणि गावी परत येतो. आणि अगदी अलीकडचे म्हणाल, तर तुळजापूरचे देवीदास सौदागर. हा तरुण शिवणकाम करणारा. तयार कपड्यांमुळे शिंप्याचा धंदा कसा उसवत जातो ते त्याने ‘उसवण’ कादंबरीत लिहिले, आणि २०२४ साली तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. आमच्या गावच्या शिंपीदादांस आम्ही ती वाचावयास दिली. त्यांनी परत देताना एवढेच म्हटले, “याने माझे दुकान कधी पाहिले?”

आता व्यवहाराचे बोलू. नवी जाडजूड कादंबरी घ्यावयाची तर दिवसभर कापूस वेचून जे हाती येते ते एका पुस्तकात जाते. म्हणून विकत घ्या असे आम्ही म्हणत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य ग्रंथालयांस अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळते. आपल्या गावी किंवा शेजारच्या गावी असे वाचनालय आहे काय ते विचारा. असल्यास ते उघडते केव्हा ते पाहा. शेतात राबणाऱ्यांस सकाळी अकराला उघडणारे वाचनालय काय कामाचे? ते संध्याकाळी उघडावे, मुलींस बसावयास जागा असावी, आणि पुस्तकांची यादी करताना दहावी-बारावीच्या मुलामुलींसही विचारावे, एवढी मागणी ग्रामसभेत करता येते. त्यास खर्च काही येत नाही.

घरी करावयाचे ते याहून सोपे. आठवड्यातून एक रात्र पोराने अगर पोरीने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. पुस्तक कोणतेही असो. वाचून झाले की तीन प्रश्न विचारावे. यातल्या बाईचे म्हणणे कोणी ऐकून घेतले का? दोषी कोण ते पुराव्यावरून ठरले की जातीवरून? आणि या पुस्तकात भाकरी कोण करते? तिसरा प्रश्न आमचा नव्हे, त्या माउलीचा आहे. एवढे केले म्हणजे वाईट पुस्तकही शिकवून जाते. आणि न केल्यास चांगले पुस्तकही फळीवर धूळ खाते.

कोणी विचारील, कर्ज, पाऊस, कापसाचा भाव एवढे सगळे डोक्यावर असता कादंबरीची ही चैन कशाला? त्यास आमचे उत्तर असे की, पंधरा वर्षांची पोर लपून जे वाचते ते चैन म्हणून वाचत नाही. तिला पुढे काय करावयाचे याचा ती शोध घेत असते. तो शोध आपल्यादेखत घेऊ द्यावयाचा की आपल्या पाठीमागे, एवढेच ठरविणे आपल्या हाती आहे.

ती मुलगी आज दहावीत आहे. शिरपूरकडच्या मंडळींस बापाने ‘परीक्षा होऊ द्या’ म्हणून कळविले आहे. बारावीपर्यंतचे वचन तो अजून देत नाही, आणि आम्ही मागावयाचे सोडीत नाही. ते पुस्तक त्याने परत केले, मात्र रुमालात न गुंडाळता. पाचव्या रात्री शेवटचे पान झाल्यावर तिच्या आजीने विचारले होते, “आता दुसरं कोणतं?” ट्रॅक्टरवरच्या त्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यासाठीही आम्ही ती फाडलेली रहस्यकथा जुन्या बाजारात शोधीत आहोत. सापडली तर या खेपेस आधी आम्ही वाचू, आणि मग त्याच्या हाती देऊ.